पोपटवाल्याला ‘कुडमुड्या ज्योतिषी’ म्हणावं का?

प्रश्न नाशिकहून आला आहे. थोडक्यात असा: “गंगेवर बुधवारच्या बाजारात पोपट घेऊन बसणाऱ्या माणसावर एक छोटा लेख लिहिला. त्यात त्याला ‘कुडमुड्या ज्योतिषी’ म्हटलं. वाचून एकांनी हरकत घेतली, की ती जात आहे, असं लिहू नये. कुडमुड्या म्हणजे अर्धवट शिकलेला, भोंदू, असंच ना? नसेल तर योग्य शब्द कोणता?” (नाशिकबाहेरच्यांसाठी: गंगा म्हणजे इथे गोदावरीच. अस्सल नाशिककर गोदाघाटाला ‘गंगेवर’च म्हणतो.)

हरकत रास्त आहे, पण तिच्यात अर्धंच कारण आलंय. जातीचं नाव हिणवण्यासाठी वापरू नये हे खरंच. पण त्याच्याही आधी तो शब्द इथे चुकला आहे. पोपटवाल्याकडे पोपट असतो, कुडमुडं नसतं.

कुडमुडं हे वाद्य. ते कुडमुडं, ती कुडमुडी. घाट डमरूचा: मध्ये चिमटलेलं छोटं खोड, दोन्ही तोंडं कातड्यानं मढवलेली, मध्यावर बांधलेल्या दोरीच्या टोकाला गाठ. मनगट झरझर फिरवलं की गाठ आलटून पालटून दोन्ही कातड्यांवर आपटते आणि कोरडा, भराभर आवाज निघतो, कुडमुड कुडमुड. नाव आवाजावरूनच पडलंय. कन्नड मुलखाकडे याच जातीच्या वाद्याला कानांनी ‘बुडबुड’ ऐकलं आणि ते वाजवणारे झाले बुडबुडकी. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘जोशी’ या एका नोंदीखाली बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी अशी नावं ओळीनं येतात. त्यातली पहिली तीन सरळ वाद्यावरून आलेली आहेत. हे लोक धोतर, लांब अंगरखा, डोक्याला पागोटं, काखेत झोळी आणि झोळीत पंचांग अशा थाटात दारोदार फिरत, कुडमुडं वाजवून घरातल्यांना जागं करत आणि शकुन सांगून पसाभर धान्य घेत.

कुडमुडं बाळगणारा तो कुडमुड्या. मराठीतला हा ‘-या’ प्रत्यय मोठा इरसाल आहे. वाघ्या, कावड्या, पाणाड्या यांत तो नुसतं काम किंवा खूण सांगतो. थापाड्या, दारुड्या यांत खोड सांगतो. गण्या, बाळ्या यांत सलगी तरी असते नाही तर तुच्छता. म्हणून ‘कुडमुडे जोशी’ म्हटलं की तो समाज डोळ्यांपुढे येतो आणि ‘कुडमुड्या जोशी’ म्हटलं की आवाज आपोआप वरच्या पायरीवरून येतो. ‘अर्धवट शिकलेला’ हा अर्थ शब्दाच्या पोटात कुठेच नाही. तो वरून चिकटला.

कसा चिकटला हे बघायचं तर गावगाड्याकडे वळावं लागतं. ‘जोशी’ हा ‘ज्योतिषी’चाच झिजलेला अवतार, प्राकृतातल्या ‘जोइसिअ’वरून आलेला. गावात दोन जोशी असत. एक ग्रामजोशी: वतनदार, बलुतेदारांच्या याद्यांत बसलेला, पाडव्याला पंचांग वाचणारा, तिथी-मुहूर्त काढून देणारा. दुसरा फिरस्ता, ज्याचं गाव आज हे आणि उद्या ते. पहिल्याला नुसतं ‘जोशी’ म्हटलं की भागायचं. दुसऱ्याला वेगळं ओळखायला विशेषण हवं होतं, ते त्याच्या हातातल्या वाद्यानं पुरवलं. पुढे ऑफिस थाटून बसलेले आणि ज्योतिषाचे क्लास घेणारे ‘आम्ही काही कुडमुडे जोशी नव्हे, आमचं शास्त्र आहे’ असं सांगू लागले. आणि ज्यांना ते शास्त्रच मान्य नाही, ते सगळ्यांनाच ‘कुडमुडे’ म्हणू लागले. या दोघांचं जगात कशावर एकमत नाही, पण लाथ दोघंही त्याच दारात उभ्या असलेल्या माणसाला मारतात.

आता तुमच्या घाटावर कोण कोण दिसू शकतं, ते नावानिशी पाहू. लिहिणाऱ्याला हा तपशील लागतो आणि नेमका तिथेच घोळ होतो.

पिंगळा हा पहाटेचा. तांबडं फुटायच्या आत, हातात कंदील घेऊन येणारा जोशी. पिंगळा हे मुळात छोट्या घुबडाचं नाव, अंगावर पांढरे ठिपके असलेलं, वीतभर लांबीचं. नाशिकमध्ये जुन्या वाड्यांच्या वळचणीला आणि वडा-पिंपळाच्या ढोलीत ते अजूनही सापडतं. त्या पक्ष्याची बोली आपल्याला कळते आणि तो काय बोलला ते आपण सांगतो, असा या जोशाचा दावा. पक्ष्याचं नाव माणसाला लागलं ते असं. सरोदे हे ‘स्वरोदय’वरून: कोणत्या नाकपुडीतून श्वास चाललाय ते बघून शुभाशुभ सांगण्याची विद्या. तिथे उजव्या नाडीला पिंगळा म्हणतात. त्या पिंगळेचा आणि या पिंगळ्याचा गोंधळ करू नये. सहदेव जोशी पांडवांतल्या सहदेवावरून, ज्याला पुढचं सगळं कळायचं पण विचारल्याशिवाय सांगायची सोय नव्हती अशी लोकसमजूत आहे. पाऊसपाण्याचे आडाखे सांगणारं सहदेव-भाडळी त्याच नावाचं. पांगुळ हे वेगळे, वासुदेव वेगळे. दोघंही सकाळचेच, पण मागतात ते दान. त्यांना ज्योतिषी म्हणू नये.

नंदीबैलवाले तर सरकारी यादीतही ‘जोशी’पासून वेगळ्या ओळीत आहेत. त्यांचा ढोल बडवायचा नसतो. वाकड्या काठीनं कातडं घासतात आणि ‘गुबूगुबू’ निघतं. बैल मान हलवतो ती प्रश्न समजून नाही, वेसणीच्या दोरीला मिळालेल्या हलक्या झटक्यानं किंवा ठरलेल्या खुणेनं. आपल्या भाषेनं हे फार आधी ओळखलं होतं, म्हणून तर साहेबाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्याला आपण नंदीबैल म्हणतो.

आता तुमचा पोपटवाला. त्याच्याकडे कुडमुडं नाही, पंचांग बहुधा नाही, आणि तो दारोदार फिरत नाही. गिऱ्हाईक त्याच्याकडे येतं. फडक्यावर पाकिटांची ओळ. पिंजऱ्याचं दार वर सरकतं, पंख कातरलेला पोपट तुरुतुरु बाहेर येतो, चोचीनं एकेक पाकीट उचलून बाजूला टाकतो, एखादं मालकाच्या हातात देतो, दाणा खातो आणि परत आत. पोपटाला पाकीट कळत नाही, दाणा कधी मिळतो तेवढं कळतं. किती पाकिटं टाकल्यावर थांबायचं ते मालकाच्या बोटाच्या हालचालीवर शिकवलेलं असतं. पाकिटात देवाचं चित्र आणि चार ओळींचा मजकूर. कोणतंही निघालं तरी बिघडत नाही, कारण सगळ्यांचा साचा एकच: चांगलं आहे, मध्ये एक अडथळा आहे, अमुक महिन्यानंतर सुटेल. तमिळनाडूत याच धंद्याला ‘किळी जोसियम’ म्हणतात, किळी म्हणजे पोपट. जोशी शब्दाचं भावंड तिथेही पोचलंय, कुडमुडं मात्र नाही.

लेखात पोपट आलाच आहे तर एक ओळ अशीही टाका, की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली देशी पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. पोपटवाले कमी होत गेले त्याला हेही कारण आहे. जत्रांतून त्यांच्या जागी लुकलुकत्या दिव्यांचा रोबो आणि कानाला लावायचा हेडफोन आला. पाकिटाचा मजकूर आता कानात, बाकी पोपटपंची तीच.

हात बघणारा असेल तर ‘हात बघणारा’ असंच लिहावं. ‘हस्तसामुद्रिक’ पाटीवर शोभतो, वाक्यात अडखळतो. सामुद्रिक म्हणजे शरीरावरच्या खुणा वाचणं. चांगली खूण ती लक्षण, वाईट ती अवलक्षण. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण इथलीच: कुणी बोलावलं नसताना आपणच हात पुढे करायचा आणि नको ते ऐकून घ्यायचं. तिचा ‘हात दाखवतो तुला’ या धमकीशी काही संबंध नाही.

नाशिकमध्ये लिहिताना आणखी एक फरक पाळायला हवा. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी जे गुरुजी भेटतात ते ज्योतिषी नव्हेत, तीर्थोपाध्ये. नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध हे विधी ते करतात. ‘करावे लागतील’ हे सांगणारा बहुधा दुसराच कुणी असतो, गिऱ्हाइकाच्या गावचा. तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. ते सांगतात तो भूतकाळ, तोही वहीत बघून. बातम्यांतून सरसकट ‘ज्योतिषी-भटजी’ असं जोडनाव येतं, ते टाळा. बाकी ज्योतिषाच्या शब्दांचं नाशिककराला वावडं असण्याचं कारण नाही. गुरू सिंह राशीत असतो तो सिंहस्थ, आणि या शहराचे रस्ते, पूल नि घाट त्याच्याच बारा वर्षांच्या फेऱ्यावर दुरुस्त होतात.

‘भोंदू’बद्दल. भोंदू म्हणजे ठकवणारा. त्यात फसवण्याचा हेतू गृहीत असतो. ‘कुडमुड्या’ आणि ‘भोंदू’ हे समानार्थी नाहीत. कुणाला भोंदू लिहायचं असेल तर फसवणूक काय झाली ते पुढच्या वाक्यात आलं पाहिजे, नाहीतर ती नुसती शिवी ठरते. घाटावरच्या धंद्यात फसवणूक बहुतेक वेळा भविष्यात नसते. ते दहा-वीस रुपयांत आटोपतं. खरा खर्च तोडग्यात असतो. तोडगा, उतारा, ताईत, गंडा, खडा, शांत, या शब्दांपैकी पहिला उच्चारला गेला की रकमेचा आकडा बदलतो. म्हणून लेखात ‘भविष्य सांगितलं’ आणि ‘तोडगा दिला’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यातही हाच भेद दिसतो: जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले ज्योतिषी यांनी दिलेला सल्ला त्यानं नाव घेऊन बाहेर ठेवला आहे. भीती घालून, चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं मात्र आत आहे.

त्याची भाषा लेखात घ्यायची असेल तर जवळ उभं राहून ऐका आणि क्रियापदांकडे लक्ष द्या. भविष्य सांगणारा भविष्यकाळ फार कमी वापरतो. ‘हाताला यश नाही तुमच्या.’ ‘पैसा येतो, टिकत नाही.’ ‘करता सगळ्यांचं, बोलून घेता तुम्हीच.’ ‘मनात एक, बाहेर एक असं नाही तुमचं.’ सगळी वाक्यं वर्तमानकाळी, आणि यातलं एकही ऐकून ‘छे, हे माझं नव्हेच’ असं म्हणणारा माणूस विरळा. मान हलली की धागा पुढे, नाही हलली की ‘आत्ता नसेल, पण मागे होतं’ म्हणून काळ बदलायचा. पुढचं सांगायची वेळ आलीच तर ‘होईल’ नाही, ‘योग आहे’. परदेशाचा योग आहे, घराचा योग आहे. योग असतो, तो जुळला नाही तर सांगणाऱ्याकडे दोष जात नाही. लोकांचा विश्वास बसतो तो उद्याच्या बातमीवर नव्हे, आजचं बरोबर ओळखलं यावर. ‘भाकीत’ हा शब्द म्हणून तुमच्या पोपटवाल्याला बसत नाही. भाकीत नेमकं असावं लागतं, घडलं की नाही ते तपासता यावं लागतं. पावसाचं, निवडणुकीचं भाकीत. घाटावरचं ते ‘भविष्य’ किंवा जुन्या शब्दात ‘शकुन’.

तुमचं वाक्य मग असं होईल: ‘बुधवारच्या बाजारात गंगेवर पोपटवाला ज्योतिषी बसतो.’ नुसतं ‘पोपटवाला’ लिहिलंत तरी चालेल. पोपट विकणारा असा अर्थ निघायची भीती वाटली तर ‘पोपटाकडून भविष्य सांगणारा’. ‘रस्त्यावरचा ज्योतिषी’ हेही ठीक, फक्त थोडं कोरडं. ‘कुडमुडे जोशी’ हे नाव खरोखर त्या समाजाबद्दल लिहाल तेव्हा राखून ठेवा, आणि तेव्हा ‘कुडमुड्या’ नको, ‘कुडमुडे’.

शुद्धलेखनाचं राहिलं. ज्योतिष हे शास्त्र, ज्योतिषी हा माणूस. ‘ज्योतिषला विचारलं’ असं तुमच्या मजकुरात दोनदा आलंय ते बदला. धोबी-धोब्याला, माळी-माळ्याला, तसं ज्योतिषी-ज्योतिष्याला. ‘ति’ दोन्हीकडे ऱ्हस्व. मुलीचं नाव ज्योती दीर्घ म्हणून इथेही दीर्घ, असं होत नाही, कारण मूळ शब्द ‘ज्योतिस्’ आहे. पाट्यांवर दिसणारं ‘ज्योतीर्विद’ही त्याच हिशेबानं चूक, ‘ज्योतिर्विद’ हवं. आणि ‘भाकीत’ला ‘की’ दीर्घ, पण ‘भाकिताला’, ‘भाकिते’ लिहिताना तोच ऱ्हस्व.