कोंबड्या हाताला लागत नाहीत? आधी मागे धावणं थांबवा

या वेळी आलेल्या प्रश्नांत कोंबड्यांची मानमोडी (राणीखेत रोग) आहे, देवीचा रोग आहे, अंड्याचं कवच पातळ पडतंय हेही आहे. त्यांची उत्तरं ज्याची त्याला फोनवर दिली. पण बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गाऱ्हाणं मांडलंय: परसातल्या कोंबड्या भितात, जवळ येत नाहीत. म्हणून या खेपेला त्याबद्दल जरा सविस्तर.

प्रश्न (संगमेश्वर तालुका, बचत गटाच्या एक ताई): गटातून दीड महिन्याची ३० ग्रामप्रिया पिल्लं घेतली. आता तीन महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) झाल्यात. खाद्य घालायला गेलं तरी कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. सोडल्या की काजूत शिरतात. तिन्हीसांजेला एकेकीला पकडून आत घालताना घरातले सगळे दमतात. आमच्या गावठी कोंबड्या अशा नव्हत्या. या माणसाळतील का?

ताई, माणसाळतील. पण तिन्हीसांजेची ती पकडापकडी आजपासून बंद करा. दिवसभर कितीही गोड बोललात, मूठ मूठ कणी टाकलीत, तरी रोज सूर्य मावळताना हात पसरून मागे धावत असाल तर कोंबडीच्या लेखी तुम्ही मुंगूसच.

तुमच्या गावठी पिल्लांना आई होती. ती अंगणात माणसांच्या पायापायात चरायची, म्हणून पिल्लंही चरायची. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे पिल्लू आईकडे बघून शिकतं. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच काढलेली चांगली जात आहे, तिच्यात खोट नाही. पण ही पिल्लं मशीनमध्ये उबवलेली, मदर युनिटमध्ये, म्हणजे पिल्लं थोडी मोठी करून देणाऱ्या केंद्रात, बल्बखाली वाढलेली. तिथे माणूस यायचा तो खाद्य ओतून जायला, नाहीतर धरून डोळ्यात लसीचा थेंब टाकायला. मग एक दिवस क्रेट, टेम्पो आणि नवं घर. माणसाच्या हाताबद्दल त्यांचं मत तुमच्याकडे येण्याआधीच पक्कं झालं होतं.

त्यात आपला हात येतो वरून. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता तिला जवळपास सगळीकडचं दिसतं, आणि वरून काही झेपावलं की ती घार, हे तिला शिकवावं लागत नाही. लक्ष देऊन ऐकलंत तर कोंबडा घारीसाठी एक आवाज काढतो आणि कुत्र्या-मुंगसासाठी दुसरा. पहिला ऐकून सगळ्या झुडपाखाली दबतात, दुसरा ऐकून माना वर करून कलकलाट करतात. आपण उभ्याने वाकून हात घालतो तेव्हा त्यांना घारच दिसते.

आता करायचं काय? आठ-दहा दिवस त्यांना मोकळं सोडूच नका. खुराड्याला लागून जाळीचा आडोसा करा, मासेमारीचं जुनं जाळं मिळालं तरी चालेल, वरूनही झाका. ३० पक्ष्यांना १० बाय १५ फूट जागा तरी हवी. घर कुठलं हे या दिवसांत त्यांच्या डोक्यात बसतं. कोपऱ्यांत एखादं डालगं (कोंबड्या झाकायची बांबूची टोपली) आडवं टाका, पाल्याची फांदी उभी करा. लपायला जागा असली की एकमेकींवर चढायचं थांबतं, आणि त्या चढाचढीतच खालची गुदमरून मरते.

मग एक पत्र्याचा डबा घ्या, त्यात मक्याचा भरडा टाका. एकच माणूस, एकच वेळ, एकच आवाज. संध्याकाळच्या खाद्याच्या आधी, पोट जरा रिकामं असताना डबा वाजवायचा, दाणे टाकायचे, दोन पावलं मागे यायचं आणि खाली बसायचं. पाटावर बसा, बादली उपडी घालून बसा, पण बसा. त्यांच्याकडे रोखून बघू नका. कडेला तोंड करून शेंगा सोला, भाजी निवडा. आमच्या गटांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या कोंबड्या इतरांपेक्षा लवकर माणसाळतात, याचं कारण मला तरी हेच दिसतं: त्यांना गुडघ्यांमुळे धावता येत नाही आणि बसायला वेळ असतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी तलंग मान लांब करून पुढे येईल. एक पाय उचलेल आणि तसाच हवेत धरून उभी राहील. एका डोळ्याने दाणा बघेल, मान तिरकी करून दुसऱ्याने तुम्हाला. मग दाणा उचलून पळेल. त्या वेळी हात जागचा हलवायचा नाही, ‘आली, आली’ म्हणून घरातल्यांना बोलवायचंही नाही. ती पुन्हा येते, आणि तिला खाताना बघून बाकीच्या येतात. रोज दाणे आपल्याजवळ वीतभर सरकवत न्या. शेवटी तळहात जमिनीवर उताणा ठेवा, दाणे त्यावर. हात उचलून चोचीपाशी न्यायचा नाही, तिला चालत येऊ द्या.

दाण्यापेक्षाही लवकर काम करते ती वाळवी. मडक्यात ओलं पोतं, शेण आणि थोडा काडीकचरा भरून ते वाळवी लागलेल्या बांधावर उपडं ठेवा. एक-दोन दिवसांत खाली वाळवी जमते. तीच मूठभर हातावर घेऊन बसा. मात्र हा खाऊ दिवसाच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर मुख्य खाद्य टाकून खाऊचीच वाट बघत बसतात.

दहा दिवसांनी सोडाल तेव्हा सूर्य मावळायच्या फक्त तासभर आधी सोडा. उजेड उतरला की कोंबडीला दिसेनासं होतं, ती आपोआप खुराड्यातल्या ओळखीच्या बसायच्या दांडीकडे वळते, आणि राहिलेल्यांना डबा आणतो. ते जमलं की रोज अर्धा तास लवकर सोडत जा. एखादी झाडावर बसलीच तर आरडाओरडा न करता अंधार पडू द्या. रात्री तिला बॅटरीचा झोत न मारता, पायाखालून हात घालून अलगद उतरवा आणि दांडीवर ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जणी पायाशी येतील. काही शेवटपर्यंत हातभर लांबच राहतील. राहू द्यात. त्या घरी परतल्या आणि खुराड्यातच अंडं घालू लागल्या तर आपलं काम झालं. हे आत्ताच उरकायला सांगतोय कारण अंड्यावर यायला त्यांना अजून अडीच-तीन महिने आहेत. भेदरलेली कोंबडी काजूच्या मुळाशी अंडी घालते आणि ती मुंगूस खातं. चार-पाच तलंगांमागे एक अंधारं खोकं, आत पेंढा, त्यात अंड्याएवढा पांढरा गोटा. हे आधीच तयार ठेवा.

पाठलागाचा धडा मी स्वतःही उशिराच शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका वाडीत भर अकरा वाजता लसीकरणाला गेलो. तोवर कोंबड्या बाहेर पडलेल्या. पोरांनी वाडीभर पळवून पळवून पकडल्या. चार-पाच बांबूच्या बेटात गेल्या त्या लसीविनाच राहिल्या, आणि एक तर उन्हात पळून तिथेच गेली. पुढे कितीतरी महिने माझी लसीची निळी पेटी दिसली की त्या घरच्या कोंबड्या कौलांवर. आता मी लसीला पहाटे जातो, खुराडं उघडायच्या आत. एकेक कोंबडी दांडीवरूनच हातात येते. तुमच्या गावात लसीकरण ठरलं की आदल्या रात्री खुराड्याला कडी लावून ठेवा, एवढी विनंती.

धरण्याबद्दलही सांगतो. पाय धरून उलटी लटकवायची आपली बाजारातली सवय घरात नको. कोंबडीला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो. उलटी धरली की पोटातले अवयव हवेच्या पिशव्यांवर येतात. छाती गच्च आवळली तरीही ती गुदमरते, कारण श्वास घ्यायला तिचं छातीचं हाड हलावं लागतं. एक तळहात छातीखाली, दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यात, दुसऱ्या हाताने पंख मिटून, आणि मग काखेला लावून धरा. शांत झाली की मगच जमिनीवर ठेवा. फडफडतानाच सोडलीत तर फडफडलं की सुटका होते, एवढंच ती शिकते.

प्रश्न (जुन्नर तालुका): सहा जुन्या कोंबड्यांत बाजारातून आणलेल्या चार नव्या सोडल्या. जुन्या टोचून रक्त काढतात, नव्या खुराड्यामागे दडून उपाशी राहतात.

आजच वेगळ्या करा. बाजारची कोंबडी दोन-तीन आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांत ठेवायचीच असते. ती येताना काय घेऊन आली आहे ते या काळात कळतं. रक्त निघालेल्या जागी जांभळं औषध लावा. लाल दिसलं की बाकीच्याही टोचायला येतात, जांभळ्याने ते झाकलं जातं.

त्यानंतर आठवडाभर दोन्ही टोळ्यांच्या मध्ये जाळी. एकमेकींना बघू द्या, जाळीच्या दोन्ही बाजूंना खाद्य ठेवा. मग एका रात्री, अंधारात, चारही जणींना एकदम जुन्यांच्या दांडीवर बसवा. एकटी कधीच घालू नका. सकाळी थोडी झटापट होईल, आधी कोण खाणार याची उतरंड त्यांना ठरवावीच लागते. त्यात आपण काठी घेऊन पडू नये. फक्त दोन भांडी खाद्याची, दोन पाण्याची, आणि एकमेकांपासून लांब, म्हणजे एका दांडगट कोंबडीला दोन्हीकडे पहारा देता येणार नाही.

प्रश्न (पारनेर तालुका): कडकनाथ आंब्यावर जाऊन बसतात. पंख छाटू का?

कडकनाथ मुळातच चपळ आणि सावध. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची ती कोंबडी रानाच्या कडेला वाढलेली, तिच्याकडून मांडीवर बसायची अपेक्षा धरू नका. डब्याची सवय तिलाही लागते, थोडा वेळ जास्त द्या. खुराड्यातली दांडी उंच करा. तिला उंच बसायचं असतं म्हणून ती आंबा गाठते. पंख छाटायचेच तर एकाच बाजूची लांब उडायची पिसं छाटा, मुळाशी रक्त असलेलं कोवळं पीस सोडून. पिसं झडून नवी आली की पुन्हा उडणारच. तुमच्याकडे भटकी कुत्री फार असतील तर मी छाटणार नाही. उडून जीव वाचवायची तेवढी एक वाट तिला राहू द्या.

प्रश्न: लहानपणापासून हातावर वाढवलेला कोंबडा आता मुलाच्या अंगावर धावतो.

तो भीत नाही, हीच अडचण. तलंगा हातावर खेळवा, नरांना फार लाडावू नका. हात झटकत पळणाऱ्या मुलाला तो दुसरा कोंबडाच समजतो. मुलाला पळू न देता आपण शांतपणे कोंबड्याच्या दिशेने चालत जा, तो बाजूला झाला की थांबा. तरी नख्या मारत असेल तर घरात लहान मूल असताना असा कोंबडा ठेवू नये. त्याच्यापासून पिल्लंही काढू नका. आणि मुलांना कोंबड्यांत खेळल्यावर साबणाने हात धुवायला लावा, पापे घ्यायला देऊ नका.

प्रश्न (दापोली तालुका): आमची सगळ्यात भित्री कोंबडी कालपासून जागची हलत नाही, उचलली तरी गप्प राहते. माणसाळली म्हणायची का?

नाही हो, ती आजारी आहे. अंड्यावर आलेली धट्टीकट्टी कोंबडी पाठीवर हात नेला की पंख पसरून खाली बसते, ती गोष्ट वेगळी. ती कोंबड्याला देते तोच प्रतिसाद आपल्याला देते, लगेच उठून पिसं झटकते आणि चरायला लागते. तुमची एका दिवसात गप्प झाली आहे. पिसं फुगवून बसली आहे का, डोळे मिटतेय का, विष्ठा हिरवट आहे का, तुरा काळपट पडलाय का, मान वाकडी होतेय का, हे बघा. तिला आत्ताच वेगळी करा, तिचं पाणी-भांडं वेगळं ठेवा, हात धुऊनच बाकीच्यांकडे जा. यातलं काही दिसलं, किंवा दुसरीही तशीच बसली, तर सकाळची वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. मेलीच तर ओढ्यात टाकू नका आणि डॉक्टर येईपर्यंत पुरूही नका. पिशवीत बांधून सावलीत, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा.