हर्बी हॅनकॉकनंही इंजिनिअरिंग सोडलं होतं!

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाखा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन (ईअँडटीसी). सहावीपासून पियानो शिकतोय, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या पियानो परीक्षेची सातवी ग्रेड झाली आहे. वर्षभरापासून जॅझचं वेड लागलंय. खोलीत हेडफोन लावून बॅकिंग ट्रॅकवर (आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर) तासन्‌तास वाजवतो, व्हिडिओ टाकतो, लोक कौतुक करतात. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, 'इंजिनिअरिंग सोडतो, जॅझ पियानिस्ट होतो. हर्बी हॅनकॉकनंही सोडलं होतं.' तेव्हापासून त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत. मी शाळेत शिकवते, मला यातलं काही कळत नाही. हा हॅनकॉक कोण? मुलगा म्हणतो ते खरं आहे का? बोस्टनच्या बर्कली कॉलेजात जायचं म्हणतो, त्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढावं का? – एक आई, सांगली

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी कर्जाचं सांगतो. आत्ता काढू नका. पुढे कधी काढावं लागलं तर काय बघून काढायचं, ते खाली येईल.

आता हॅनकॉक. मुलगा म्हणतो ते खरं आहे, पण अर्धंच. हा अमेरिकेतला नावाजलेला जॅझ पियानोवादक, जन्म १९४०चा, शिकागोचा. सातव्या वर्षी पियानोला बसला आणि अकराव्या वर्षी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत मोझार्टच्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग वाजवला. म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची तालीम पक्की होती, तुमच्या मुलाची आहे तशीच. जॅझ मात्र त्याला येत नव्हतं. शाळेच्या कार्यक्रमात त्याच्याच वयाच्या एका मुलाला मनानं, कागदावर काही नसताना वाजवताना त्यानं पाहिलं आणि तो चक्रावला. त्या मुलानं सांगितलं, जॉर्ज शिअरिंग या जॅझ पियानोवादकाच्या रेकॉर्ड्स ऐक. त्या हॅनकॉकच्या घरातच पडून होत्या, आईनं कधीतरी आणून दिलेल्या. मग एकेक तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून वहीत उतरवायचा आणि हातात बसवायचा, हा उद्योग सुरू झाला.

१९५६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात गेला. विषय इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. लहानपणापासून घड्याळं उघडून बघणारा मुलगा, त्यामुळे हे ओघानंच आलं. कॉलेजात त्यानं एक मोठा बँड उभा केला. आजूबाजूला जॅझ येणारी माणसं कमी, म्हणून असतील त्यांना गोळा केलं, रेकॉर्डवरून ऐकून प्रत्येक वाद्याचा भाग स्वतः लिहिला आणि कार्यक्रम पार पाडला. अभ्यासाची पार वाट लागली. त्यानंतर त्यानं इंजिनिअरिंग सोडून संगीत हा विषय घेतला.

ताई, इथे तुमच्या चिरंजीवांनी सोयीस्करपणे गाळलेला भाग येतो. हॅनकॉकनं शाखा बदलली, कॉलेज सोडलं नाही. १९६० साली तो शिकागोला परतला तो कॉलेजात चार वर्षं काढून. तिथल्या कॉलेजात इंजिनिअरिंगवरून संगीताकडे जाणं म्हणजे ऑफिसात एक फॉर्म भरणं. आपल्याकडे तसं नाही. ईअँडटीसीच्या दुसऱ्या वर्षातून उठून त्याच छपराखाली संगीताच्या वर्गात जाऊन बसायची सोय जवळपास कुठेच नाही. म्हणून हॅनकॉकचा दाखला जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक जमा ठेवायची आणि मधेच थांबून परत यायची तरतूद आहे, पण त्याच्या कॉलेजात आणि त्याच्या शाखेला ती कशी लागू आहे, हे परीक्षा विभागातून लेखी विचारून घ्या.

आणि चार वर्षांनंतर काय झालं? शिकागोच्या टपाल खात्यात नोकरी. दिवसा पत्रं वाटायची, रात्री क्लबात वाजवायचं. त्यात कोलमन हॉकिन्ससारखा बुजुर्ग सॅक्सोफोनवाला शिकागोत आला आणि त्याला स्थानिक पियानोवाला हवा होता, म्हणून हॅनकॉकला बोलावणं आलं. रात्री उशिरापर्यंत वाजवून सकाळी टपाल, हे शरीराला झेपेना. तेव्हा कुठे नोकरी सोडली. मुलाला हा क्रम दाखवा : आधी बोलावणी यायला लागली, मग नोकरी सुटली.

मग आली ती हिमवादळाची गोष्ट. १९६०-६१चा हिवाळा. ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड आणि सॅक्सोफोनवादक पेपर अॅडम्स यांच्या बँडचा मिलवॉकीला कार्यक्रम होता आणि वादळामुळे त्यांचा पियानोवाला पोहोचू शकला नाही. बदली कोण, अशी शिकागोत विचारणा झाली आणि हॅनकॉकचं नाव पुढे आलं. तो गेला, वाजवलं, आणि त्याला ठेवून घेतलं. वादळ हे नशीब, मान्य. पण कुणीतरी विचारल्यावर कुणाच्या तरी तोंडात त्याचंच नाव यावं, यात नशिबाचा भाग थोडा. शहरातल्या माणसांनी त्याला वेळेवर येताना, पटकन चाल उचलताना, दुसऱ्याच्या पुढे पुढे न करता वाजवताना पाहिलं होतं. आपल्याकडे तबलजीचं नाव असंच होतं : आधी चार गायकांची साथ, मग कधीतरी सोलो. जॅझच्या पियानोवाल्याची पहिली पाच-सात वर्षं बहुतेक साथीची असतात. व्हिडिओ टाकणाऱ्या मुलांना ही वर्षं वगळायची असतात. मला काळजी वाटते ती त्याची. इंजिनिअरिंगचं काय ते होईल.

डोनाल्ड बर्ड हा माणूस तुम्ही समजून घ्यावा असं वाटतं, कारण पालक म्हणून तुम्ही ज्याच्या शोधात असायला हवं तो हाच. त्यानं हॅनकॉकला न्यूयॉर्कला नेलं आणि ब्राँक्समध्ये स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. बर्ड स्वतः मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून शिकलेला. हॅनकॉकनंही तिथे काही काळ शिक्षण घेतलं. सप्टेंबर १९६१मध्ये बर्डच्या 'रॉयल फ्लश' या रेकॉर्डवर हॅनकॉक ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी पहिल्यांदा वाजला. बेसवर बच वॉरन, ड्रम्सवर बिली हिगिन्स. त्याच डिसेंबरात बर्डच्याच दुसऱ्या रेकॉर्डवर सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरशी गाठ पडली. आणि मे १९६२मध्ये हॅनकॉकची स्वतःची पहिली रेकॉर्ड 'टेकिन ऑफ' झाली तेव्हा बेस आणि ड्रम्सवर पुन्हा तेच वॉरन आणि हिगिन्स, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, सॅक्सोफोनवर डेक्स्टर गॉर्डन. बावीस वर्षांच्या पोराच्या मागे एवढी तगडी माणसं उभी राहिली, कारण त्यातली काही त्याच्याबरोबर आधीपासून वाजवत होती.

या रेकॉर्डवर 'वॉटरमेलन मॅन' नावाची एक चाल आहे. शिकागोच्या गल्लीबोळांतून कलिंगडवाल्याची गाडी जायची, दगडी रस्त्यावर चाकं खडखडायची, ती लय त्यात आहे. कंपनीचे मालक आल्फ्रेड लायन यांना या चालीचे प्रकाशनहक्क हवे होते. बर्डनं हॅनकॉकला आधीच पढवून ठेवलं होतं : 'हक्क माझ्याच प्रकाशन कंपनीत दिलेत' असं सांग. हॅनकॉक त्यावर अडून बसला. नवख्या पोरानं कंपनीच्या मालकाला नाही म्हणायचं, पोटात गोळा आलाच असेल. पण रेकॉर्ड झाली, आणि हक्कही राहिले.

पुढची गोष्ट ब्राँक्समधल्या एका क्लबातली. क्युबन तालवादक मोंगो सान्तामारियाच्या बँडचा पियानोवाला होता चिक कोरिआ. तो सोडून गेल्यावर एका शनिवार-रविवारसाठी हॅनकॉक बदली म्हणून गेला. पुन्हा बदलीच! मधल्या सुट्टीत बर्ड आणि मोंगो यांच्या गप्पा रंगल्या, क्युबन संगीत आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत यांना जोडणारी चाल कुठली यावर. बर्ड म्हणाला, हर्बी, ते 'वॉटरमेलन मॅन' वाजव. हॅनकॉकनं सुरुवात केली, मोंगोनं कोंगावर (हातानं वाजवायच्या उंच ढोलावर) ठेका धरला, बेसवाल्यानं पियानोच्या डाव्या हाताकडे बघत त्याची ओळ उचलली. क्लबातली माणसं एकेक करून टेबलं सोडून नाचायला उठली. मोंगोनं ती चाल रेकॉर्ड केली आणि १९६३मध्ये ती अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत चढली. हक्क हॅनकॉककडे होते, त्यामुळे पैसेही त्याच्याकडे आले. त्यातून त्यानं पहिली काय घेतली तर कोब्रा स्पोर्ट्स कार. (तुमच्या यजमानांना हे सांगू नका.)

हे लांबण लावून सांगितलं, कारण मुलगा चाली बांधत असेल तर त्याला आजच हे कळायला हवं. आपल्याकडे २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा कंपनीला करारात लिहून काढून घेता येत नाही. तो वसूल करून देणारी संस्था म्हणजे आयपीआरएस, मुख्यालय मुंबईत. पण स्वतःची रचना असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या रचनेत कीबोर्ड वाजवून मानधन घेणं वेगळं. सही करण्याआधी आपण कुठल्या रकान्यात आहोत ते बघायचं.

मे १९६३मध्ये हॅनकॉकला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं, म्हणजे जॅझमधल्या बड्या असामीचं, बोलावणं आलं. इथेही बर्ड. त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं की माइल्सचा फोन आला तर 'सध्या मी कुणाकडेच नाही' असं सांगायचं. आपल्याच बँडचा पियानोवाला हातचा जाणार हे माहीत असून! माइल्सच्या घरी तालमी झाल्या. ड्रम्सवर सतरा वर्षांचा टोनी विल्यम्स, बेसवर रॉन कार्टर, ज्याच्याकडे संगीताची मास्टर्स डिग्री होती. माइल्स थोडं वाजवून वरच्या मजल्यावर निघून जायचा आणि पोरांना माहीत नसताना इंटरकॉमवरून ऐकत बसायचा. त्याला बघायचं होतं, ही पोरं एकमेकांचं ऐकतात का. १९६४मध्ये वेन शॉर्टर येऊन मिळाला आणि हे पाच जण १९६८पर्यंत एकत्र राहिले.

त्या काळातला एक किस्सा हॅनकॉक नेहमी सांगतो. श्टुटगार्टच्या कार्यक्रमात माइल्स ऐन रंगात असताना याच्याकडून साफ चुकीची कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) लागली. माइल्स क्षणभर थांबला आणि पुढे असे स्वर घेतले की ती कॉर्ड बरोबर ठरली. हेडफोनमधला बॅकिंग ट्रॅक कधीच थांबत नाही आणि कधीच सावरून घेत नाही. तुमच्या पत्रात तो किती तास वाजवतो ते आहे, कौतुक किती होतं ते आहे, पण तो कुणाबरोबर वाजवतो हे कुठेच नाही.

इंजिनिअरिंग वाया गेलं का? नाही. १९६८च्या सुमारास स्टुडिओत पियानोऐवजी माइल्सनं इलेक्ट्रिक पियानो पुढे केला, तेव्हा हॅनकॉकला आधी ते खेळणं वाटलं. पण लवकरच तो त्यात रमला, आणि पुढे सिंथेसायझर वगैरे यंत्रांना न बिचकणाऱ्या पहिल्या जॅझवाल्यांत त्याचं नाव आलं. दुसरं उदाहरण विजय अय्यरचं. येलमधून गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या पीएचडीला गेला (हे बर्कली वेगळं, तुमच्या मुलाचं बर्कली बोस्टनचं) आणि तिथे असतानाच सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमनबरोबर वाजवायला लागला. पीएचडी पूर्ण केली, विषय बदलून. आज हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहे. दोघांनाही पहिली दारं दुसऱ्या वादकांनी उघडून दिली.

आता घरचं. जॅझ आपल्याकडे उपरं नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली माणसं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत होती आणि तीच सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात होती. आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आहे. पण पोटापाण्याचं स्पष्ट बोलायचं तर इथे नुसत्या जॅझवर घर चालवणारे मोजके. बहुतेक जण शिकवणी, स्टुडिओतलं काम, जाहिराती, हॉटेल आणि लग्नातले कार्यक्रम यांची मोट बांधतात आणि त्यातून वेळ काढून जॅझ वाजवतात. मुलाला हे आयुष्य चालणार आहे का, हे त्याला विचारा. वडिलांनी विचारलं तर अधिक बरं.

माझा सल्ला असा. पदवी सोडायची नाही, पण रखडत ढकलायचीही नाही. या उन्हाळ्यापर्यंत त्यानं पुण्यातच एक बेसवाला आणि एक ड्रमवाला गाठावा आणि आठवड्याला एक तालीम ठेवावी. वीस-पंचवीस स्टँडर्ड चाली (जॅझवाल्या सगळ्यांना येणाऱ्या) पाठ, आणि गायक म्हणेल त्या पट्टीत. कुणाचा कीबोर्डवाला आयत्या वेळी आला नाही तर ज्याला फोन जातो, ती जागा त्याला मिळवायची आहे. त्यासाठी मराठी भावगीतांचा कार्यक्रम आला तरी नाक मुरडायचं नाही. वर्षभरात त्याला स्वतःहून, पैसे देऊन, दुसऱ्यांदा बोलावणारे तीन-चार जण निघाले, तर बोस्टनचं बोलू. मग ऑडिशन द्यायची, शिष्यवृत्ती किती मिळते ते बघायचं आणि उरलेल्या रकमेचा हप्ता तुमच्या एकीच्या पगारातून झेपतो का ते मांडायचं. घर तारण ठेवणं तेव्हाही शेवटचा पर्याय.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. पहिल्या वर्षाचे किती विषय राहिलेत? एटीकेटी असेल तर खरं सांगा, कारण वर्ष वाया जाणार असेल तर वरचा बेत बदलावा लागेल. गुणपत्रकाची प्रत आणि त्यानं दुसऱ्या कुणाबरोबर वाजवलेलं एखादं रेकॉर्डिंग, फोनवरचं चालेल, दोन्ही पाठवा.