प्लांट गावाशेजारी आहे, पण मुलाने शिकायची आहे ती वीज

प्रश्न : मी साक्री तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मुलगा यंदा 68 टक्क्यांनी दहावी झाला. जवळच सोलर प्लांट आहे. तिथला ठेकेदार म्हणतो, आता पॅनल धुवायला पाठवा, पुढे कायम करू. शहरातल्या एका संस्थेचा तीन महिन्यांचा सोलर कोर्सही आहे. फी 60 हजार, नोकरीची हमी देतात. कर्ज काढून घालू का?

उत्तर : भाऊ, कर्ज काढू नका आणि पॅनल धुवायलाही पाठवू नका. मुलाला सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला घाला. कोर्स दोन वर्षांचा आहे आणि फी तुम्हाला झेपेल.

तुमच्या तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प 2013 पासून चालू आहे. असा प्रकल्प उभा राहताना शेकडो माणसं लागतात. खांब रोवायचे, सांगाडे जोडायचे, केबलसाठी चर खणायचे. प्लांट सुरू झाला की ही कामं संपतात. मागे राहतात मोजके टेक्निशियन, कंट्रोल रूममधले ऑपरेटर, शिफ्ट इंजिनिअर, पहारेकरी आणि धुण्या-खुरपण्याची माणसं. धुणाऱ्याचा टेक्निशियन आपोआप होत नाही, मध्ये शिक्षणाची अट आडवी येते. शिवाय ठेकेदाराचं कंत्राटच मुदतीचं असतं, त्याच्या ‘कायम करू’ला आधार नाही. राजस्थानातल्या भडला सोलर पार्कमध्ये, 2,245 मेगावॅटच्या त्या अवाढव्य पसाऱ्यात, पाण्याशिवाय पॅनल पुसणारे रोबो आले आहेत. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या भागातही हे काम यंत्राकडे जाईल, असं मला वाटतं.

आता टेक्निशियन काय करतो ते बघा. पॅनल एकापुढे एक जोडून एक स्ट्रिंग होते. अशा अनेक स्ट्रिंगच्या तारा एका पेटीत येतात, तिला कॉम्बायनर बॉक्स म्हणतात. तिथून वीज इन्व्हर्टरकडे जाते, डीसीची (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) एसी (घरात येते तशी वीज) होते, ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब वाढतो आणि पुढे ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं तारांचं जाळं. एखाद्या दिवशी उत्पादन कमी दिसतं. मुलगा पेटी उघडून एकेका तारेला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर, लावतो. सगळीकडे करंट सारखा, एका तारेत शून्य. फ्यूज उडाला, कनेक्टर जळाला की उंदराने केबल कुरतडली, हे त्याने शोधायचं. आणि हे सगळं हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाच्या डीसीजवळ. घरातला मेन स्विच पाडला की वीज जाते. पॅनलवर मात्र ऊन आहे तोवर वीज तयार होतच राहते. करंट चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगीची कमान पेटते, ती सहज विझत नाही, हात भाजतात. म्हणून पाया पक्का झाल्याशिवाय पोराला त्या पेटीपाशी उभं करू नका.

हा पाया तीन महिन्यांत होत नाही. सोलरचं खास प्रशिक्षण वाईट नाही, पण ते आयटीआयनंतर घ्यावं. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 2015 पासूनचा ‘सूर्यमित्र’ कार्यक्रम आयटीआय, डिप्लोमा झालेल्यांसाठी आहे, आणि तो मोफत. प्रवेशाच्या वेळी जवळ कुठे बॅच आहे का, ते बघा. हमी देणाऱ्या संस्थेकडे मागच्या बॅचच्या पाच मुलांचे फोन नंबर मागा आणि त्यांच्याशी स्वतः बोला.

आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी, चुकवू नका, मीटर हातात तिथेच बसतो. मुलाचं गणित चांगलं असेल आणि तीन वर्षं थांबायची तुमची तयारी असेल, तर थेट इलेक्ट्रिकल डिप्लोमा करा. तसं नसेल तरी आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, वाट बंद होत नाही.

इलेक्ट्रिशियनचा आग्रह मी आणखी एका कारणाने धरतो. उद्या शेजारच्या प्लांटने घेतलं नाही, तरी महावितरण, महापारेषण, कारखाने, छपरावरचे सोलर, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावोगावच्या उपकेंद्रांजवळ होणारे छोटे प्रकल्प, सगळीकडे हाच ट्रेड मागतात.

आयटीआयचा प्रवेश ऑनलाइन आहे. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आजच एकत्र ठेवा. पसंतीक्रमात इलेक्ट्रिशियन पहिला, वायरमन दुसरा लिहा.