शेवटून पहिला

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आठ जण, शनिवार-रविवारचे दोन दिवस, एक डोंगर, आणि सगळं ठरवायचं काम तुझ्या गळ्यात पडलेलं. पत्रात तीन प्रश्न बुटांचे आहेत, दोन सॅकचे, एक दोराचा. आठांत सगळ्यांत हळू कोण चालतं याबद्दल मात्र एक ओळ नाही. म्हणून बुटांचं शेवटी सांगते.

मित्रांचा घोळका डोंगर कसा चढतो ते कधी नीट बघितलंस का? पहिल्या अर्ध्या तासातच तिघं-चौघं गप्पांच्या नादात पुढे सटकतात. एखाद्या वळणावर सावली बघून बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी शेवटचा भिडू धापा टाकत पोचतो. तो दिसल्याबरोबर पुढचे उठून सॅक पाठीवर घेतात, 'चला, आले सगळे!' म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं मिळाली आणि ज्याला होती त्याला काहीच नाही. दिवसातून सहा-सात वेळा हे घडतं आणि रात्री सगळे एकमुखानं सांगतात, 'त्याला स्टॅमिनाच नाही.'

माझ्या तिशीत आम्ही सहा जणी अशाच निघालो होतो. पुढे मी. वाट मला ठाऊक होती, आणि ती ठाऊक असल्याचं सगळ्यांना दिसावं अशी हौसही होती. माथ्यावर डोकी मोजली तर पाच. खाली डोंगराच्या धारेवर वाटेला फाटा फुटला होता; आम्ही डावीकडे वळलो होतो, दहा मिनिटं मागे असलेली मैत्रीण उजवीकडे गेली. दीड तासानं सापडली. एका कातळावर बसली होती, बूट काढून, टाचेचं कातडं सोललेलं. रागावली नाही. 'तुमचा खोळंबा झाला ना,' एवढंच म्हणाली. त्यानंतर किती वेळा बोलावलं, ती पुन्हा कधी आली नाही. टाच सकाळपासूनच दुखत होती, हे मला वर्षभरानं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

तेव्हापासून माझे दोन-तीन हट्ट आहेत. सगळ्यांत हळू चालणारं माणूस रांगेत दुसरं, म्हणजे पुढच्याच्या लगेच मागे. मग पुढच्याला त्याचा श्वास ऐकू येतो आणि वेग आपोआप आवरतो. शेवटी मात्र दमदार माणूस हवा, त्याच्या सॅकमध्ये प्रथमोपचाराची पिशवी. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा बसल्यावर सुरू होतं, पहिला बसल्यावर नाही. आणि फाटा आला की थांबायचं. मागचा दिसेपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. वेग किती ठेवायचा याला यंत्र लागत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर ठीक, तुकडे पडायला लागले तर जास्त झालं. यावर तुमच्यातले तरणेबांड कुरकुरतील. कुरकुरू देत.

आता वेळेचं. इथे बहुतेक जण फसतात, कारण अंतर बघतात आणि चढ विसरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो अजून कामाला येतो: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २००० फुटांना वर आणखी एक तास. आजच्या मापात ढोबळमानानं ५ किलोमीटर आणि ६०० मीटर. जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असं लिहिलंयस. अंतराचे २ तास २४ मिनिटं, चढाचा दीड तास, झाले ३ तास ५४ मिनिटं. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या, सराव असलेल्या माणसाचा. बसणं, फोटो, वाट चुकून मागे येणं आणि तुमचा शेवटचा भिडू धरून मी त्यात निम्मी भर घालते, म्हणजे जवळपास सहा तास. शिवाय नेस्मिथनं उतार मोजलाच नव्हता. पुढे एरिक लँगमुइर या गिर्यारोहकानं दुरुस्ती सुचवली: उतार तीव्र असेल तर खाली येताना दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवायची. तेव्हा उतरताना वेळ भरून काढू, या भरवशावर कुणाला वर नेऊ नकोस. घसाऱ्यावरून घाईनं उतरणाऱ्यांना बसकण मारून खाली जाताना मी पुष्कळ पाहिलंय. त्यांत एकदा मीही होते.

या आकड्यावरून मागे फिरायची वेळ काढ. सूर्यास्तापासून उलटं मोजायचं, हाताशी दोन तास शिल्लक ठेवायचे, आणि जी वेळ येईल ती निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून टाकायची. ती वेळ झाली की शिखर हाकेच्या अंतरावर असलं तरी पाठ फिरवायची. आधी का, तर वर पोचल्यावर 'परत जाऊ या' हे वाक्य कुणाच्याच तोंडून निघत नाही. व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या जेरी हार्वे यांनी १९७४ साली याच गोष्टीवर लिहिलं होतं. टेक्सासमधलं एक कुटुंब रणरणत्या उन्हात ५३ मैलांवरच्या अ‍ॅबिलीनला जेवायला जातं, हाल करून घेतं, आणि घरी आल्यावर उलगडा होतो की जायचं कुणालाच नव्हतं. दुसऱ्यांना जायचंय असं प्रत्येकानं परस्पर धरून चाललं होतं. डोंगरावर असे अ‍ॅबिलीन रोज घडतात.

मी यावर एक पोरखेळ करते. दर तासाला सगळ्यांनी हात पाठीमागे न्यायचा आणि 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर एकदम बोटं दाखवायची. पाच म्हणजे ताजातवाना, एक म्हणजे मला परत न्या. एकाच वेळी दाखवायची असल्यामुळे दुसऱ्याचं बघून कुणी आपला आकडा फुगवत नाही. सरासरी काढायची नाही. सगळ्यांत कमी बोटं ज्याची, निर्णय त्याच्याकडे बघून घ्यायचा. हसतात आधी. दुसऱ्या तासाला कुणीतरी दोन बोटं दाखवतं आणि हसू थांबतं.

हवामानाचं थोडक्यात. दर १००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा वेगळा. घामानं किंवा पावसानं भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब खेचून घेतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून अंगालगत सुती नको. एक कोरडा कपड्यांचा जोड पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये. कुणाचे पाय उगाच अडखळायला लागले, बोलणं जड झालं, गुंडी लावता येईना, तर ती नुसती दमणूक आहे असं समजू नकोस. गारठा आत शिरलाय. आडोसा, कोरडे कपडे, काहीतरी गोड, आणि एकटं सोडायचं नाही. विजेचं म्हणशील तर चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोज. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आलं की धार सोडून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही.

दुसऱ्या दिवसाचा बेत मला पटला नाही. मोठा उतार रविवारी ठेवलायस. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, आणि त्याचा ठणका त्याच दिवशी पुरता उमटत नाही. चोवीस तासांनंतर तो भरात येतो, काहींना तिसऱ्या दिवशीही जिना उतरवत नाही. म्हणजे शनिवारी उतरलेल्या मांड्या रविवारी ठणकत असणार, आणि त्याच पायांनी तू मोठा उतार उतरवणार. तेव्हा लांबचा पल्ला शनिवारी संपव, रविवार आखूड ठेव. आणि परतीच्या गाडीचा विचार केलायस का? डोंगरावर आठ जण एकमेकांना जपतात आणि रात्री गाडीत सात जण झोपतात. चालवणाऱ्याची झोप, बदली चालक, मध्ये थांबायची जागा, हे मार्ग ठरवताना त्याच कागदावर यायला हवं.

फोनला नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, फक्त नकाशा घरूनच उतरवून घ्यावा लागतो. आणि तोही एकाच्या नाही, तिघांच्या फोनवर. बाकीच्यांनी फोन विमान मोडवर ठेवावेत, बॅटरी टिकते. तरी नकाशाचा एक कागद हवाच, प्लॅस्टिकमध्ये घालून. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, प्रत्येकाकडे स्वतःचा हेड टॉर्च. डोंगरातली मदतीची हाक ठरलेली आहे: मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा सहा. टॉर्चनंही तसंच. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं असतं. पायथ्याशी एकदा सगळ्यांकडून वाजवून घे. गंमत होते आणि लक्षातही राहतं.

दोर नको. बांधता येत नसलेला दोर म्हणजे फुकटचं ओझं. आणि दोर लागेल अशी जागा आलीच तर ती तुमची वाट नाही.

राहिले बूट. नवे कोरे घालून येऊ नका, एवढं सगळ्यांना बजाव. ज्यांना घ्यायचेच असतील त्यांनी संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याला जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. नखं आदल्या दिवशी कापायची. फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावली की बहुतेक वेळा पुढचं टळतं. पण आपल्या एका टाचेसाठी सात जणांना थांबवायची लाज वाटते आणि माणूस गप्प चालत राहतं. म्हणून पहिला थांबा अर्ध्या तासानंच घे, आणि सगळ्यांत आधी बूट-मोजे तूच काढ. 'कुणाला काही टोचतंय का?' असं विचारलंस तर सगळे नाही म्हणतील. तुझा पाय उघडा दिसला की दुसरं कुणीतरी नाडी सोडेल.

तारीख पक्की झाली की मार्ग, आठही जणांची नावं, त्यांच्या घरचे फोन, आणि खाली उतरायची वेळ एका कागदावर लिहून मला पाठव. त्या वेळेनंतर किती तास वाट बघायची आणि मग तिथल्या कुणाला कळवायचं, तेही लिही. रविवारी रात्री मी जागी आहे.