शनिवार-रविवारचे पार्किंग निर्बंध कायम करावेत का?

प्रश्न : आमची वस्ती जुनी आहे. बहुतेक इमारतींच्या आवारात गाड्या लावायला जागाच नाही. शेजारी मोठी बाग आणि नाट्यगृह असल्यामुळे शनिवार-रविवारी बाहेरून येणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरून जायचा. महापालिकेने सहा महिने प्रयोग केला : या दोन दिवशी सकाळी दहा ते रात्री दहा फक्त परमिट असलेल्या रहिवाशांच्याच गाड्या लावायच्या. आम्हाला खूप हायसं वाटलं. आता हा नियम कायम करण्यासाठी सूचना व हरकती मागवल्या आहेत आणि रहिवासी संघाची चिटणीस म्हणून निवेदन मला लिहायचं आहे. दोन गोष्टी मात्र मनाला खुपतात. आमच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींकडे दर रविवारी त्यांची मुलगी येते, त्यांना आंघोळ घालते, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून देते. तिची गाडी दोनदा उचलून नेली. आणि कोपऱ्यावरचे दुकानदार विचारतात, ‘रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?’ काय लिहू?

उत्तर : ताई, नियम कायम करा असंच लिहा. पण आज आहे तसाच नको. आजींच्या मुलीची सोय आधी त्यात बसवून घ्या. ती नसेल तर अशा निवेदनावर मी सही करणार नाही.

दुकानदारांचा प्रश्न आधी घेते, कारण तो झोंबणारा असला तरी बरोबर आहे. रस्ता सगळ्यांचा आहे. परमिट मिळालं म्हणून दारासमोरची जागा कुणाच्या मालकीची होत नाही. निवेदनात ‘आमचा रस्ता’ आणि ‘बाहेरचे लोक’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. मग रहिवाशांना प्राधान्य कशाच्या जोरावर मागायचं? हा वाद अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन काउंटीत एका वस्तीत कामाच्या दिवशी, दिवसा, परमिटशिवाय गाडी लावायला बंदी केली होती. तिथे गाड्या लावून कामावर जाणाऱ्यांनी तिला आव्हान दिलं. १९७७ साली न्यायालयाने नियम वैध ठरवला. वस्तीतली वर्दळ, आवाज, धूर कमी करणं हे वाजवी हेतू आहेत आणि त्यासाठी रहिवासी व इतर असा फरक करता येतो, असा त्या निकालाचा आशय. तुम्हीही हेतूच लिहा : अग्निशमनाची गाडी वळू शकते का, रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, म्हातारी माणसं पदपथावरून चालू शकतात का.

त्या आर्लिंग्टनच्या नियमातली एक गोष्ट मला निकालाइतकीच मोलाची वाटते. तिथे परमिट फक्त रहिवाशांपुरतं नव्हतं. रहिवाशांकडे कामानिमित्त येणाऱ्यांना आणि काही पाहुण्यांनाही ते मिळायचं, तेही विनामूल्य.

तुमच्या प्रयोगात नेमकं हेच राहून गेलं आहे. परमिट गाडीला दिलं, घराला नाही. त्यामुळे ज्या घरात दोन गाड्या आहेत त्यांना दोन जागा मिळाल्या, आणि ज्या आजींकडे गाडीच नाही त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. खरं तर रस्त्यावरच्या जागेची सर्वांत जास्त निकड त्यांच्याच घराला आहे. म्हणून मागणी अशी करा : गाडी नसलेल्या प्रत्येक घरालाही एक परमिट. ते पत्त्याशी जोडलेलं असावं, गाडीच्या नंबराशी नाही. आज मुलगी येईल, उद्या परिचारिका येईल, परवा भाचा येईल. शुश्रूषेसाठी येणाऱ्यांचं परमिट वेगळं असावं आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी पुरेशी मानावी. शिवाय प्रत्येक घराला महिन्याकाठी ठरावीक दिवस-पास द्यावेत. गैरवापर होईल, पास विकले जातील, अशी हरकत कुणीतरी घेईलच. त्यावर उपाय सोपा आहे. पास वापरताना तारीख आणि गाडीचा नंबर नोंदवणं सक्तीचं करा. चार जण पास विकतील या भीतीपोटी आजींना आंघोळीवाचून ठेवणं मला मुळीच मान्य नाही.

एका घराला किती परमिटं, हेही आत्ताच ठरवून घ्या. नंतर ते कमी करणं फार अवघड जातं. जपानने १९६२ सालीच कायदा करून गाडी घेणाऱ्यावर रस्त्याबाहेर जागा असल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी टाकली. तितकं तुमच्या महापालिकेला जमणार नाही, पण तिसऱ्या गाडीला परमिट नाही, एवढं तरी म्हणता येईल.

आता पुराव्याकडे वळू. ‘आम्हाला बरं वाटलं’ यावर कायमचा नियम उभा राहत नाही. मी अनेक वर्षं वाहतूक सर्वेक्षणाचं काम केलं आहे. मोजणी चुकते ती बहुतेकदा वेळ चुकल्यामुळे. दुपारी बाराला मोजून गेलेल्या माणसाला नाटकाच्या वेळी काय होतं ते दिसत नाही. संघातल्या चार-पाच जणांनी एका शनिवारी आणि एका रविवारी, सणाचे दिवस टाळून, दर तासाला फेरी मारावी. रस्त्याच्या कडेने लांबी मोजा, फाटकं, वळणं आणि बंदी असलेली जागा वजा करा, एका मोटारीला साधारण साडेपाच मीटर धरा. किती गाड्या मावतात ते कळेल. मग प्रत्येक फेरीत नंबराचे शेवटचे चार आकडे टिपा. तोच नंबर पुन:पुन्हा दिसला की कोण किती वेळ थांबलं ते समजतं. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांचं म्हणणं असं की शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे येणाऱ्याला एखादी मोकळी सापडते आणि रस्ताही वाया जात नाही. तुमच्या रस्त्यावर दुपारभर निम्म्या जागा रिकाम्या दिसल्या, तर नियमाचे तास कमी करा, असं तुम्हीच सुचवा. दुकानदारांना दुपारी तासा-दोन तासांची मुभा मिळाली तर त्यांचा विरोधही मावळेल.

प्रयोगाचं कायम करताना घाई नको. स्टॉकहोमने २००६ साली शहरात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून पाहिलं, सुमारे सात महिन्यांनी थांबवलं, मग सार्वमत घेतलं, आणि २००७ मध्ये ते कायम केलं. विषय वेगळा असला तरी क्रम लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये असा प्रायोगिक आदेश जास्तीत जास्त अठरा महिने चालतो आणि लोकांना हरकती नोंदवायला त्यातले पहिले सहा महिने मिळतात. तुमच्या निवेदनात ‘दोन वर्षांनी पुन्हा मोजणी करून फेरविचार’ ही ओळ जरूर घाला.

प्रश्न : वरच्या पत्रातल्या वस्तीला लागूनच असलेल्या गल्लीत मी भाड्याने राहतो. त्यांच्याकडे नियम आल्यापासून सगळ्या गाड्या आमच्याकडे लागतात. आमच्यासाठी सूचनाफलकही नाही, परमिटही नाही. आम्ही हरकत घ्यावी का?

उत्तर : घ्या, पण ‘नियम रद्द करा’ अशी नको. एका रस्त्यावर बंदी आली की गाड्या नाहीशा होत नाहीत, चालत पाच मिनिटांवरच्या पुढच्या रस्त्यावर जातात. सीमा आखताना तुमची गल्ली वगळली, हा आखणीचा दोष आहे. तुमची मागणी अशी असू द्या : गल्लीला त्याच नियमात घ्यावं, आणि परमिटसाठी भाडेकरार पुरावा म्हणून चालावा. मालकाची सही मागितली तर निम्मे भाडेकरू बाहेरच राहतील.

मोजणी तुमच्याकडेही करा, तीही त्याच शनिवारी आणि त्याच तासांना. चिटणीसताईंच्या संघाशी आधी बोलून घ्या. दोन्ही रस्त्यांचे आकडे एकाच तक्त्यात गेले तर अधिकाऱ्याला एका बाजूचं ऐकून दुसरीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. हरकतीचं पत्र मात्र तुमच्या नावाने वेगळं द्या, मुदतीच्या आत, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.