पॅक-मॅन हा चक्रव्यूहात ठिपके खात भुतांना चुकवायचा आर्केड गेम (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा) आणि झेडएक्स स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, दोन्हीत झेड८० प्रोसेसर आहे. मग मूळ गेम स्पेक्ट्रमवर तसाच चालेल का?

तसाच नाही चालणार, पण उतरवता नक्की येईल. मामांकडून मिळालेला ४८के (४८ किलोबाइट मेमरीचा) स्पेक्ट्रम चालू आहे आणि थोडंफार असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या सूचनांची भाषा) येतं, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. एवढ्यावर सुरुवात करायला काही हरकत नाही.

मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात सीएनसी मशीनचे (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या लेथ वगैरेंचे) प्रोग्राम लिहितो. स्पेक्ट्रम हा रात्री जेवणं उरकल्यानंतरचा नाद. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून आमचं शॉपच डोळ्यांपुढे आलं. दोन लेथना कंट्रोलर एकाच कंपनीचा असतो, जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, दोन्हींना सारखाच कळतो. पण एकीचा प्रोग्राम दुसरीवर जसाच्या तसा टाकून सायकल स्टार्ट दाबलं, तर टूल जाऊन जॉब धरणाऱ्या चकवर आदळतं. टरेट वेगळा, स्ट्रोक वेगळा, ऑफसेट वेगळे. प्रोसेसरचंही असंच आहे. तो कशाला जोडलाय हे आधी बघायचं.

इथं काय आदळतं ते सांगतो. नामकोच्या १९८० सालच्या मूळ बोर्डावर पॅक-मॅनचा प्रोग्राम १६ किलोबाइटचा आहे आणि तो शून्य पत्त्यापासून सुरू होतो. ४८के स्पेक्ट्रममध्ये ० ते १६३८३ ही जागा बेसिक भाषेच्या रॉमची, म्हणजे कायम भरून ठेवलेल्या मेमरीची. ती हलत नाही. पुढची गंमत अशी की पॅक-मॅनची व्हिडिओ मेमरी १६३८४ पासून सुरू होते आणि स्पेक्ट्रमचीही बरोबर तिथूनच! पण पॅक-मॅन तिथं फक्त ‘या घरात अमुक नंबरची टाइल (चित्राचा छोटा चौकोन)’ एवढंच लिहितो. अख्खा पडदा १ किलोबाइटमध्ये, रंगांना आणखी १. प्रत्यक्ष चित्र हार्डवेअर काढतं. स्पेक्ट्रमला पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतः मांडावा लागतो, त्याला ६१४४ बाइट लागतात, वर रंगांचे ७६८. म्हणजे मूळ कोड कसाबसा चालवलाच, तरी पडद्यावर नुसता कचरा दिसेल.

नंतरच्या प्लस२ए आणि प्लस३ मॉडेलमध्ये रॉम बाजूला सारून तिथं रॅम (लिहिता येणारी मेमरी) लावता येते. त्यांच्यावर मूळ कोड खरोखर चालवून दाखवलेला आहे, फक्त चित्र काढणारा भाग नव्यानं लिहून. ४८के वर तो रस्ता बंद. तुम्हाला मूळ गेम समोर ठेवून नवा लिहावा लागेल.

आता पडद्याचं गणित. आर्केडचा पडदा उभा, २२४ बाय २८८ पिक्सेल. स्पेक्ट्रमचा आडवा, २५६ बाय १९२. चक्रव्यूह २८ टाइल रुंद आणि ३१ टाइल उंच आहे. ८ पिक्सेलची टाइल धरली तर उंची २४८ होते, ५६ ओळी पडद्याबाहेर. काही जण पडदा वरखाली सरकवतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण दिसत नाही त्या भुताला चुकवायचं कसं? काही जण चक्रव्यूहच कापून लहान करतात. मग गल्ल्या बदलतात आणि भुतांचे सगळे डाव बिघडतात. माझं मत विचाराल तर टाइल ६ पिक्सेलची करा. २८ गुणिले ६ म्हणजे १६८, ३१ गुणिले ६ म्हणजे १८६. चक्रव्यूह पूर्ण बसतो, शिवाय बाजूला ८८ पिक्सेलची पट्टी स्कोअरला मोकळी राहते.

याची किंमत रंगांत मोजावी लागते. स्पेक्ट्रममध्ये ८ बाय ८ च्या एका घरात दोनच रंग येतात. ६ ची टाइल त्या घरांशी जुळत नाही, त्यामुळे लाल भूत निळ्या भिंतीजवळून गेलं की भिंतही लाल होते. म्हणून सरळ एकरंगी करा. पण मग भुतं ओळखायची कशी? माझी आवृत्ती भाचीला खेळायला दिली तर तिचा पहिलाच प्रश्न: “मामा, ह्यातलं लाल कुठलं ओ?” प्रश्न बरोबर होता, कारण चार भुतं चार तऱ्हेनं वागतात आणि मुरलेला खेळाडू रंग बघूनच पळतो. मग मी एक भूत भरीव केलं, एकाला आडव्या रेघा, एक पोकळ आणि एक ठिपक्यांचं. १२ बाय १२ पिक्सेलमध्ये एवढं आरामात दिसतं. त्या एका बदलानं खेळ नाद खुळा झाला.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. खेळाचा हिशेब मूळच्या मापातच ठेवा. पॅक-मॅन कुठं आहे, भूत कुठं आहे, हे सगळं ८ च्या टाइलच्या, २२४ बाय २८८ च्या गणितात चालू द्या. फक्त चित्र काढायच्या क्षणी तीन-चतुर्थांश करा, त्यासाठी एक छोटा तक्ता पुरतो. भुतांचा वेग ६ पिक्सेलच्या गणितात बसवायला गेलात की कोपऱ्यावरची वळणं चुकायला लागतात आणि खेळ ‘काहीतरी वेगळाच’ वाटतो. खेळणाऱ्याला त्याचं कारण सांगता येत नाही, पण हाताला कळतं.

आणि हाताला जे कळतं ते फार बारीक असतं. पॅक-मॅन साधा ठिपका खातो तेव्हा एका फ्रेमसाठी (पडद्यावर एकदा चित्र येण्याइतका वेळ) थांबतो, मोठा खातो तेव्हा तीन. म्हणूनच भरलेल्या गल्लीत भूत जवळ येतं आणि मोकळ्या गल्लीत मागं पडतं. पॅक-मॅन कोपरा थोडा आधीच कापतो, भुतांना ती सवलत नाही. लाल भूत थेट तुमच्यावर येतं. गुलाबी तुमच्या चार टाइल पुढची जागा धरतं, पण तुमचं तोंड वर असेल तर चार वर आणि चार डावीकडे. ती मूळ प्रोग्राममधली चूक आहे, आणि ती सुधारू नका! नारंगी भूत लांब असताना पाठलाग करतं, आठ टाइलच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. पहिल्या लेव्हलला भुतं ७ सेकंद आपापल्या कोपऱ्यात फिरतात, मग २० सेकंद पाठलाग, असं आलटून पालटून. हे नियम पाळलेत तर चित्र कितीही साधं असो, तो पॅक-मॅनच वाटेल.

वेगाचं एक बघा. आर्केड सेकंदाला सुमारे ६० फ्रेम दाखवतो, स्पेक्ट्रम ५०. फ्रेमला एकदा हिशेब केलात तर खेळ सहाव्या हिश्शानं मंद होईल. दर पाच फ्रेममध्ये सहा वेळा हिशेब चालवा, चित्र पाचदाच काढा. पूर्ण पडदा नव्यानं काढायचा विचारही करू नका. बाइट हलवणारी एलडीआयआर ही सूचना एका बाइटला २१ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) घेते, ६१४४ बाइटना सुमारे १,२९,००० लागतात आणि तुमच्याकडे एका फ्रेमला आहेत ६९,८८८. जे हललं तेवढंच पुसा, तेवढंच काढा. एका बाइटात आठ पिक्सेल असतात, म्हणून भुतांची चित्रं एकेक पिक्सेल सरकवून आठही जागांसाठी आधीच तयार करून ठेवली तर ४ भुतं, डोळ्यांच्या ४ दिशा, पायांच्या २ हालचाली मिळून ९२१६ बाइट होतात. ४८के मध्ये ते सहज मावतात.

आवाज सगळ्यात शेवटी घ्या. ४८के चा बीपर (आतला छोटा स्पीकर) एका बिटाचा, त्याला प्रोसेसरनंच हलवायचं. सूर वाजतोय तोवर बाकी खेळ थांबतो. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या शेवटी उरलेल्या वेळात थोडा थोडा वाजवा.

कोड पीसीवर लिहा, एसजॅस्मप्लस किंवा पास्मो हा असेंब्लर (असेंब्लीचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) वापरा, फ्यूज एमुलेटरवर (पीसीवरच्या नकली स्पेक्ट्रमवर) तपासा आणि स्पेक्ट्रम कॅसेटच्या आवाजातून प्रोग्राम घेतो, म्हणून टेप फाइलचा आवाज मोबाइलवरून ३.५ मिमीच्या वायरनं इअर सॉकेटमध्ये सोडा. वाजवताना आवाज बऱ्यापैकी मोठा लागतो. मूळ रॉम किंवा त्यातली चित्रं नेटवर टाकू नका, हक्क अजून कंपनीकडेच आहेत. आणि मामांचा मूळ अडॅप्टर हरवला असेल तर बाजारात मिळेल तो ९ व्होल्टचा लावू नका. स्पेक्ट्रमच्या पिनला आत निगेटिव्ह लागतो, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरना आत पॉझिटिव्ह असतो. लावायच्या आधी मीटरनं बघा.