तीन वर्षांचा करार आणि चार वर्षांचा थिसिस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात एमएस्सी झाली, जर्मनीतल्या एका लॅबमध्ये पीएचडीची जागा मिळाली, करार तीन वर्षांचा, पगार पासष्ट टक्के. थिसिस तीन वर्षांत होईल का, लिहायला कधी घ्यायचा, जर्मन यायला हवं का, आणि सोबत काय आणू, असं तू विचारलंयस. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते. मी २०१४ साली कराडहून इथे आले, पीएचडी इथेच केली, आता इथेच नोकरी करते.

आईला आजच सांगून टाक की चार वर्षं धर, साडेचारही लागतील. तीन वर्षांत सगळं आटोपलेली माणसं प्रयोगशाळेच्या विषयांत मी फार थोडी पाहिली. आता खरा प्रश्न असा की चौथ्या वर्षी पैसे कुठून येणार? तो सही करण्याआधीच विचार. ‘करार संपला आणि काम उरलं तर मुदतवाढ मिळते का? तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांना मिळाली का?’ असं गाईडना सरळ ईमेलने लिही. आपल्याकडे हे उद्धट वाटेल, इथे वाटत नाही. लॅबमधल्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशीही बोल, आणि गाईड त्या कॉलवर नसताना बोल.

पासष्ट टक्के म्हणजे काय तेही समजून घे. इथे पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा नोकर असतो आणि बहुतेक ठिकाणी टीव्ही-एल ई-१३ ही वेतनश्रेणी लागते. तिच्या पासष्ट टक्क्यांतून कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा वजा जाऊन एकट्या माणसाच्या हातात दोन हजार युरोंच्या आसपास पडतात. म्युनिकमध्ये त्यात ओढाताण होते, लहान गावात बरं भागतं. पगार पासष्ट टक्के वेळेचा, काम मात्र पूर्ण दिवसाचं. उरलेला वेळ तुझ्या स्वतःच्या पदवीसाठी, असा त्यामागचा हिशेब. इंजिनिअरिंगवाल्यांना अनेकदा शंभर टक्के मिळतात. मला ही पद्धत आजही पटत नाही, पण जाताना डोळे उघडे ठेवून जा.

तरीही स्कॉलरशिप आणि नोकरीचा करार यांत निवडायची वेळ आली, तर करार घे. स्कॉलरशिपवर बेकारी विमा भरला जात नाही. करारावर तो भरला जातो, आणि शेवटच्या अडीच वर्षांत किमान बारा महिने भरलेला असेल तर करार संपल्यावर काही महिने निव्वळ पगाराच्या साठ टक्के भत्ता मिळू शकतो. इथले कितीतरी जण थिसिसची शेवटची प्रकरणं त्या पैशांवर लिहितात. त्यासाठी करार संपण्याच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. आपला राहण्याचा परवाना कराराला बांधलेला असतो, म्हणून परदेशी नागरिकांच्या कार्यालयात त्याच सुमारास चौकशी कर, आणि परवाना संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज गेलाच पाहिजे.

आता लिहिण्याचं. थिसिस पहिल्या वर्षी लिहायला घे. हे सगळेच सांगतात आणि कुणीच करत नाही, मीही केलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चौथ्या वर्षी मी पद्धतींचं प्रकरण उघडलं आणि पहिल्या वर्षाची वही काढली. एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रथिन नेहमीच्या बफरमध्ये घेतलं.’ बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण. पण नेहमीचं म्हणजे कोणतं? पीएच किती, मीठ किती? जिला विचारायचं ती सहकारी दुसऱ्या देशात गेली होती. तो प्रयोग पुन्हा उभा करण्यात माझे तीन आठवडे गेले, करार संपायला चार महिने उरले असताना. तेव्हा जी भीती वाटली ती तुझ्या वाट्याला येऊ नये.

म्हणून प्रयोग जमला की त्याच आठवड्यात त्याची पद्धत पूर्ण वाक्यांत लिहून काढ. आकृती केलीस की तिच्याखालची ओळ लगेच लिही. ती लिहिता आली नाही तर आकृतीत काय दिसतंय ते आपल्यालाच कळलेलं नाही, असं समज. वाचलेला प्रत्येक पेपर झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाक आणि तो आपल्या कामाचा का, हे दोन ओळींत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल. मी मराठीत लिहायचे, आणि माझी ओळ कोणती, पेपरमधली कोणती, यात कधीच गोंधळ झाला नाही.

हा गोंधळ इथे फार महागात पडतो. २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट वाङ्मयचौर्यावरून गेली आणि मंत्रिपदही गेलं. २०१३ मध्ये शिक्षणमंत्री शावान यांचं तेच झालं, आणि त्यांचा प्रबंध १९८० सालचा होता. आपल्याकडे पहिलं प्रकरण इकडून तिकडून उचलून जोडायची सवय लागलेली असते. ती विमानतळावरच सोडून ये.

विद्यापीठाची पीएचडीची नियमावली पहिल्याच महिन्यात वाच. सलग एक ग्रंथ लिहायचा की छापून आलेले पेपर जोडून थिसिस चालतो, किती पेपर लागतात, इंग्रजीत लिहिलं तर जर्मन सारांश हवा का, हे प्रत्येक विद्याशाखेत वेगळं असतं. आणि थिसिस जमा केला म्हणजे संपलं असं नाही. परीक्षकांचे अहवाल येतात, मग तोंडी परीक्षा, मग प्रबंध प्रकाशित करून ग्रंथालयाला प्रती द्यायच्या, मग पदवीपत्र, आणि त्यानंतरच नावाआधी डॉक्टर लावायचं. यात आणखी सहा महिने सहज जातात.

गाईडला इथे डॉक्टरफाटर म्हणतात, म्हणजे डॉक्टर-बाप. शब्द मायेचा आहे, पण बहुधा तोच तुझा एक परीक्षकही असतो, म्हणून आपली मुलं गप्प राहतात. गप्प राहू नकोस. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतला फरक मोजत होत्या. त्या फरकाचा वंशाशी संबंध आहे असं गाईडना वाटत होतं. मोजमापांत तसं दिसलं नाही, आणि इरावतीबाईंनी दिसलं तेच लिहिलं. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्या काळात, परक्या भाषेत, एकट्या बाईने हे केलं. मला अवघड झालं की मी त्यांनाच आठवायचे. गाईड ‘हे पटत नाही’ म्हणाले तर ते तुझ्या मांडणीबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही. आकडे घेऊन पुन्हा जा. वागणूकच वाईट असेल तर विद्यापीठात ओम्बुड्सपर्सन, म्हणजे तक्रारी ऐकून घेणारी तटस्थ व्यक्ती असते, तिच्याकडे गोपनीय बोलता येतं.

जर्मन लॅबमध्ये लागत नाही, बाहेर लागतं. घरमालकाचं पत्र, विम्याचं पत्र, सगळं जर्मनमध्ये. पुण्यात आहेस तोवर मॅक्सम्युलर भवनात ए-वन, ए-टू या जर्मनच्या पहिल्या दोन पायऱ्या करून ये. पूर्ण आठवडा काम करणाऱ्याला वर्षाला तीस दिवस रजा असते, ती घे. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि त्या अंधारात एकटं बसून लिहिणं मला जमलं नाही. ग्रंथालयात चार माणसांत बसून जमलं. मन फारच खचलं तर विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र आहे. मी गेले होते, उपयोग झाला.

सामानात कुकर आण, रबरं दोन जादा आण. तोंडी परीक्षा झाली की लॅबमधली मंडळी पुठ्ठ्याची टोपी करून डोक्यावर घालतात आणि चार वर्षांतल्या खुणा तिला लटकवतात. माझ्या टोपीला एक पिपेट होता, त्या बफरच्या पानाची झेरॉक्स होती, आणि माझ्या कुकरची जुनी शिट्टी होती. ती शिट्टी माझ्याच घरात दुसऱ्या खोलीत राहणाऱ्या जर्मन मैत्रिणीने जपून ठेवली होती. दर रविवारी वरणभाताची ती शिट्टी ऐकून ती ताट घेऊन यायची.